न झालेल्या पाच बैठका

४ जून

चि. भाऊजी यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे. दर पत्रात त्याची चौकशी करू नका, तो लाडावतो. तुमचा छत्तीस वर्षांचा बाळ वेळेवर जेवतो आणि वेळेवर नगरपालिकेत जातो. नऊ वर्षं माझ्या घरी राहतोय, पण ओला टॉवेल अजून खुर्चीवरच टाकतो. लग्नाचा विषय काढला की त्याला तातडीचं काम आठवतं. हे तुमच्याकडचं रक्त, माझा त्यात काही दोष नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. इथे माझ्यामागे काहीतरी शिजतंय.

तुमचे भाऊ गेल्यापासून माझ्या दुपारी नगरपालिकेच्या वाचनालयात जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सातवीत शाळा सुटलेली बाई. जे काही वाचायला शिकले ते त्या लांब टेबलाशी. ग्रंथपाल बाई माझ्यासाठी नवं पुस्तक कपाटात मागे लपवून ठेवायच्या. गेल्या सोमवारी मी मागितलं तर म्हणाल्या की नवं काही आलेलं नाही, आणि माझ्याकडे न बघता शिक्के मारत राहिल्या. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले ते खिळेवाले गृहस्थ रोज माझ्यासमोर बसतात आणि शब्दकोड्यात अडले की मला विचारतात. त्यांनी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. मला वाटलं, माझ्या तोंडून काही जास्तीचं गेलं की काय.

काल कारण कळलं. वाचनालयाच्या दारावर नोटीस लावली आहे. प्रभागाच्या नागरिक समितीने ११ एप्रिलच्या बैठकीत ठराव केला की ही खोली समितीचं कार्यालय म्हणून द्यावी आणि पुस्तकं गोदामात हलवावीत. जुलैपासून अंमल. ठराव मांडणारी म्हणून खाली माझं नाव आहे. मधे तुमच्या भावाचं नाव, शेवटी आडनाव, घराचा नंबरसुद्धा बरोबर.

भाऊजी, ही कसली समिती ते मला माहीत नाही. मी कुठल्या बैठकीला गेलेली नाही. आणि ११ एप्रिलला मी कुठे होते ते तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्यांना जाऊन त्या दिवशी दोन वर्षं झाली. तुम्ही आला होता. त्यांच्या चपला कोणाला द्यायच्या यावर आपण तिघं दुपारभर बोललो आणि शेवटी चपला होत्या तिथेच राहिल्या.

बाळला विचारलं. तो म्हणाला, त्याच नावाची दुसरी कोणी बाई असेल. मग पाणी प्यायला आणि उठून गेला, भाजी अर्धी टाकून. दुसऱ्या बाईच्या घराचा नंबरही माझाच असेल का?

मला इथल्या नगरसेवकाचा संशय आहे. त्याला ती खोली कधीपासून हवी आहे. तुम्ही राजधानीत, शहरांची अनुदानं सोडणाऱ्या खात्यात बसता. हा काय कायदा आहे ते मला नीट समजावून लिहा. मला लबाडीपेक्षा त्या खिळेवाल्यांनी उचललेली खुर्ची जास्त लागली आहे.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, त्याला कडी लावू नका.

तुमची,
वहिनी

———

११ जून

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. एवढ्याशा नोटिशीने तुमची झोप उडावी हे बरोबर नाही. गुडघ्याला शेक देता ना? विचारू नका म्हणालात तरी मी विचारणार.

कायदा सांगतो. गेल्या वर्षी राज्याने ठरवलं की प्रत्येक शहराने प्रभागवार नागरिकांची समिती नेमावी. चौदा सदस्य, त्यांत निम्म्या बायका, एप्रिलअखेरपर्यंत किमान पाच बैठका आणि समितीला बसायला स्वतंत्र जागा. हे झालं नाही तर शहराचं अनुदान थांबणार. हेतू चांगला आहे, वहिनी. शहराचे पैसे कशावर जावेत ते तिथे राहणाऱ्यांनीच बोलावं. पण शहरंही काय करतील? जकात बंद झाल्यापासून नगरपालिकांकडे स्वतःचं असं उरलंय काय! तुमच्या मोठ्या जलवाहिनीचं निम्मं काम या अनुदानावर अडलंय. घाईघाईत कोणीतरी मतदारयादीतून नावं उचलली असतील. सगळीकडे असंच होतं.

माझं ऐका. यात कोणाचा दुष्टावा नाही. पाच बैठकांत तुमच्या नावावर एकच तर ठराव आहे. त्यासाठी वर अर्ज-बिर्ज करू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. दादा म्हणायचा, हिच्या हाती कागद आला की मागची बाजूसुद्धा वाचते. वाचनालयाला दुसरी खोली मिळेल. तोवर मी इथून तुम्हाला पुस्तकं पाठवतो, यादी कळवा.

बाळला उगाच प्रश्न विचारू नका. सध्या त्याच्यावर कामाचा ताण आहे.

आशीर्वाद असू द्यावा आणि राग असला तर लवकर निवळावा, ही विनंती.

आपला,
भाऊजी

———

१७ जून

चि. भाऊजी यांस,
आ. वि. वि.

तुमच्या पत्राचीही मी मागची बाजू वाचली. ती कोरी होती. पुढच्या बाजूलाच एक गोष्ट सापडली. माझ्या नावावर एकच ठराव आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर तुम्हाला एकाच बैठकीबद्दल लिहिलं होतं. पाचही बैठकांचे कागद बघितल्याशिवाय हे कळणार नाही.

म्हणून मग मीच बघायला गेले. कायदा छापलेलं राजपत्र वाचनालयातच होतं. ग्रंथपाल बाईंनी ते टेबलावर जवळजवळ आपटलं. त्यात लिहिलंय की समितीचं इतिवृत्त, म्हणजे बैठकीत कोण काय बोललं त्याची नोंद, कोणीही नागरिक पाहू शकतो. नगरपालिकेत अभिलेख कक्षाच्या बाकावर तीन दिवस बसवलं. पहिल्या दिवशी किल्ली नव्हती, दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशी मी जाडं पुस्तक आणि डबा घेऊन गेले. मी जेवायला बसले तेव्हा अभिलेखपाल समजला की ही काही हलत नाही, आणि त्याने वही दिली.

भाऊजी, आता त्या वहीत काय होतं ते ऐका.

पहिल्या बैठकीत निवृत्त पोस्टमन म्हणतात की उद्यानाजवळच्या गटाराचं झाकण चोरीला गेलं असून तिथे मोडकी खुर्ची उलटी ठेवली आहे, नगरपालिकेने बसायची सोय केली म्हणायची. हे मी बोलले होते, जानेवारीत, ताटावर. दुसऱ्या बैठकीत एक कंत्राटदार म्हणतो की पाणी आलं की सासूने सुनेला उठवायचं की सुनेने सासूला, यावरून घरं फुटायची वेळ आली आहे. हेही माझंच, शेजारच्या घराबद्दलचं. तो कंत्राटदार जन्मात बादली घेऊन नळाशी उभा राहिला असेल तर मी नाव बदलीन. रस्त्यावरच्या बंद दिव्यांपर्यंत पानामागून पान हेच. चौदा माणसं माझ्या तोंडाने बोलतायत. एकदा तर मला हसू आलं.

मग तिसऱ्या बैठकीत ‘एक ज्येष्ठ नागरिक’ उठले. ते म्हणाले की शहराच्या दारातली कमाई कायद्याने बंद केली, म्हणजे आपल्याच घरातलं धान्य उचलून नेलं. आता त्यातलं वाटीभर परत मागायला अर्ज आपणच लिहायचा, तोही त्यांच्या नमुन्यात, आणि वर आभार मानायचे.

हे कोण बोलायचं ते तुम्हाला सांगायला नको. जकात नाक्यावर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस. नाका बंद करणारी फाइल तुमच्याच खात्यातून गेली, म्हणून तुम्ही जेवायला असलात की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे. ‘वर आभार मानायचे’च्या आधी पाण्याचा पेला खाली ठेवायचे. वहीत पेला नाही, पण मला तो आवाज आला. अभिलेखपालाने विचारलं की बरं वाटत नाही का, आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

तेव्हा आता मला नगरसेवकाचा संशय नाही. आमच्या ताटावर त्यांचं आणि माझं दोन्ही ऐकलेलं माणूस एकच आहे. मी त्याला अजून काही बोलले नाही. रोज वाढते, तो जेवतो. मी त्याच्याकडे बघते आणि तो भाताकडे.

आता मला तुमच्याकडून फक्त एक हवंय. तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, होय की नाही, एवढं लिहा. पुस्तकं पाठवू नका.

आशीर्वाद आहेत. बाकीचं तुमच्या उत्तरावर.

वहिनी

———

१९ जून

ती. काकूस,
सा. न.

समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही म्हणून एकाच घरात पत्र लिहितोय. अभिलेखपालाने मला सांगितलं की तू वही वाचलीस.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं की सोमवारी कागद राज्याकडे गेले नाहीत तर जलवाहिनी गेली. समिती नेमलेलीच नव्हती. वर्षभर कोणाला वेळ झाला नाही आणि माझ्याकडे दोन दिवस. नावं मी घातली, जी माणसं विचारायला येणार नाहीत अशी. नमुन्यात ‘समितीचे स्वतंत्र कार्यालय’ असा रकाना होता. नगरपालिकेची मोकळी दाखवता येईल अशी खोली वाचनालयाचीच होती. ठराव मांडायला बाई सदस्य हवी होती, आणि हातून तुझं नाव गेलं.

तारखा रविवार सोडून कुठल्याही घालायच्या होत्या. अकरा एप्रिल डोक्यात होती म्हणूनच उतरली. काय दिवस होता ते कागद गेल्यावर लक्षात आलं.

आधी मी माणसांची बोलणी मनाने रचायला बसलो होतो. सगळी परिपत्रकासारखी बोलायला लागली. कोणी वाचलं असतं तर लगेच कळलं असतं. मग घरातलं आठवायला लागलो आणि भराभर लिहून झालं. काकांचं वाक्य घालताना वाटलं, एकदा तरी ते राज्याच्या दप्तरात जाऊ दे. हे खरं सांगतोय, तू विश्वास ठेव अगर ठेवू नकोस.

माझ्या हातून हे झालं याची लाज वाटते. पण एकट्याने ठरवलेलं नाही. मी बाबांना फोन केला होता. ते काय म्हणाले ते त्यांनाच विचार.

तुझ्या घरात राहू द्यायचं की नाही हे तू ठरव. मी जेवायला येतोय, कारण नाही आलो तर तू जेवणार नाहीस.

तुझा,
बाळ

———

२४ जून

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

होय.

तो नमुना मी तयार केला होता. स्वतंत्र कार्यालयाचा रकानाही माझाच. मला वाटलं, समितीला बसायला जागा असली तर ती बसेल. इथे टेबलाशी बसून लिहिताना तुमच्या वाचनालयाचं दार डोळ्यांसमोर नव्हतं. बाळने विचारलं तेव्हा मी म्हणालो की घरातलं माणूस घाल, घरातलं माणूस तक्रार करत नाही. हे वाक्य लिहिताना हात थांबतोय, पण तुम्ही विचारलंत.

इतिवृत्तं इथे आली तेव्हा मी पाहिली. दादाचं वाक्य ओळखलं. फाइल पुढे सरकवली.

आता पुढचं. ३० तारखेला तुमच्या प्रभागात समितीची सहावी बैठक आहे. आमच्या खात्याची तपासनीस येईल. मागची पाचही इतिवृत्तं वाचली जातील आणि सदस्यांनी हात वर करून ती बरोबर आहेत असं म्हणायचं. मग जलवाहिनीचे उरलेले पैसे सुटतील. कोणी नाही म्हटलं तर थांबतील. तुमच्या वरच्या गल्लीला तीन दिवसांआड पाणी येतं, हे तुम्हीच मला लिहिलेलं आहे. बाळची नोकरी जाईल. मला निवृत्त व्हायला आठ महिने आहेत.

तुम्ही त्या दिवशी घरी राहा. खोटं बोला असं मी म्हणत नाही. तुमचा गुडघा दुखतोच आहे.

दादा असता तर त्याने मला घरात घेतलं नसतं. तुम्ही घ्याल का, हे विचारण्याची हिंमत नाही. तरी पायांशी नमस्कार.

भाऊजी

———

३ जुलै

चि. भाऊजी यांस,
आशीर्वाद. वि. वि.

गुडघा दुखत होता. काठी घेऊन गेले.

बैठक वाचनालयातच होती. लांब टेबलावर कापड घातलं होतं. चौदांपैकी नऊ जण आले होते, बहुतेकांना आपण समितीवर आहोत हे आदल्या दिवशी कळलेलं. निवृत्त पोस्टमन मला हळूच विचारत होते की इथे काय करायचं असतं. तुमची तपासनीस लहान चणीची, सर्दी झालेली बाई. तिच्या शेजारी मोठे साहेब, आणि टेबलाच्या टोकाला बाळ वही घेऊन. वाचायचंही त्यालाच होतं आणि नव्या बैठकीचं लिहायचंही त्यालाच.

पहिलं वाचून झालं. पोस्टमन म्हणाले की खुर्ची खरीच आहे, पण आपण असं बोललो नाही, कारण आपण आलोच नव्हतो. साहेब हसून म्हणाले की वयोमानाने विसर पडतो. कंत्राटदाराने हात वर केला, मग एकेक करत सगळ्यांनी केले. पोस्टमनांनीसुद्धा. मी केला नाही. तपासनीस बाईने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाचायला सांगितलं.

तिसऱ्या बैठकीत ते वाक्य आलं. बाळने ते वहीवरून डोळे न उचलता वाचलं. तपासनीस बाईने यादी चाळली आणि विचारलं की हे ज्येष्ठ नागरिक कोण, यांचं नाव यादीत दिसत नाही. साहेब बाळकडे बघायला लागले.

मी उठले. म्हटलं, ते माझे यजमान. दोन वर्षांपूर्वी वारले. या पाचांतली एकही बैठक झालेली नाही. ११ एप्रिलला ज्या बाईने ही खोली मागितली असं इथे लिहिलंय ती मी, आणि त्या दिवशी मी घरात त्यांच्या चपलांकडे बघत बसले होते. ग्रंथपाल बाई कपाटाशी उभ्या होत्या, त्यांनी हातातलं खाली ठेवलं.

तपासनीस बाईने विचारलं की मग लिहिलं कोणी. मी गप्प राहिले. मोठेपणा म्हणून नव्हे. तोंडातून नाव निघेना. नऊ वर्षं ज्याला वाढलं त्याचं नाव अशा ठिकाणी घ्यायला जीभ वळत नाही. बाळ स्वतःच उठला आणि म्हणाला की मी, साहेबांच्या सांगण्यावरून. साहेब म्हणाले की आपण फक्त काम वेळेत करा म्हणालो होतो. तुमचं नाव त्याने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. ते कुठे सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तपासनीस बाईने बाळला सांगितलं की आता या बाई जे बोलल्या ते आजच्या इतिवृत्तात लिहा. त्याने लिहिलं. मग मी एकेक विषय पुन्हा मांडला, गटार, पाणी, दिवे, माझ्या नावाने, माझ्या तोंडाने. इतर बायकाही बोलायला लागल्या. वरच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या बाईने तर मोठ्या साहेबांना विचारलं की तुमच्या घरी पाणी रोज येतं का. तेवढा अर्धा तास ती खरी बैठक होती.

शेवटी जुनी वही खोडायची उरली. तपासनीस म्हणाली की झाकण-दिव्यांचे मुद्दे आज नव्याने आले आहेत, ते राहतील. ज्येष्ठ नागरिकांचं वाक्यही तुमच्या नावाने घालायचं का? बाळने माझ्याकडे बघितलं. भाऊजी, त्याला ते राहायला हवं होतं. मलाही हवं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तर तुमच्या दप्तरात ते कायमचं राहिलं असतं, तुम्हाला रोज टोचत.

मी म्हटलं, खोडा. ते तुमच्या समितीवर नव्हते. आणि ते माझं वाक्य नाही.

बाळने पट्टी घेतली आणि रेघ मारली. रेघेखालून वाचता येत होतं, म्हणून मी चष्मा काढून ठेवला.

ठराव रद्द झाला आहे, वाचनालय आहे तिथे राहील. अनुदान थांबलं, खऱ्या पाच बैठका होईपर्यंत. पहिली पंधरा तारखेला आहे. नळावर बायका मला ऐकवतात की आता पाणी तुमच्या पुस्तकांतून पिळून द्या. त्यांचं चुकत नाही. मीही त्याच रांगेत उभी असते, आणि आता माझी बादली कोणी पुढे घेत नाही. ग्रंथपाल बाईंनी नवं पुस्तक काढून दिलं. खिळेवाल्यांनी खुर्ची परत आणली नाही, पण शब्दकोड्यातला एक शब्द लांबून विचारला.

बाळला निलंबनाची चिठ्ठी आली. तो इथेच आहे. जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. दोन वेळा वाढते. आधी आम्ही ताटावर किती बोलायचो! आता काही मनात आलं की मी आधी त्याच्याकडे बघते, हे कुठे जाईल म्हणून. त्याला ते कळतं, आणि तो मान खाली घालून भराभर जेवून उठतो. काल मी सांगणार होते की उद्यानाजवळच्या गटारावर एकदाचं झाकण बसलं. घास तोंडाशी नेला आणि गप्प राहिले.

तुम्ही विचारलंत की घरात घेईन का. दार उघडंच असतं, या. पण आलात की जेवताना तुम्ही बोला. आम्ही दोघं ऐकू.

वहिनी